यंत्र गेले तरी खेळ राहावा

या केंद्रावरून शेतीविषयी, आरोग्याविषयी, शाळेविषयी आपण पुष्कळ ऐकता. आजचा विषय जरा निराळा आहे. टेलिव्हिजनला यंत्र जोडून मुले जे व्हिडिओ गेम खेळत, त्यांतले जुने खेळ आता नाहीसे होऊ लागले आहेत. ते कसे जपतात आणि का जपावेत, हे मी आपल्याला सांगणार आहे.

विषय ऐकताच एखादे आजोबा म्हणतील, "अहो, पोरांचा अभ्यास बुडवणारी ती यंत्रे! गेली तर बरंच झालं. ती जपायची कशाला?" शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो.

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. दळण संपले की ओवी विरून जाई. ती लिहून ठेवावी असे त्या वेळी फारसे कोणाच्या मनात येत नसे, कारण घरोघरी रोज चालणारी ती गोष्ट. साने गुरुजींनी त्या ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्री जीवन' या नावाने छापल्या. म्हणून त्या बायांची सुखदुःखे आज आपल्याला वाचता येतात. दुसरे उदाहरण सिनेमाचे. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत लागला. तिकिटांसाठी लोकांची झुंबड उडाली. आज त्याची एकही प्रत असल्याचे ठाऊक नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. जी वस्तू सर्वांजवळ असते ती कोणीच जपत नाही, आणि ती संपली हे कळायला फार उशीर होतो.

व्हिडिओ गेमचे तसेच होऊ घातले आहे. तो खेळ पोरासोरांचा खरा. पण त्यात चित्रकाराची चित्रे आहेत, संगीतकाराचे संगीत आहे, गणित जाणणाऱ्याची युक्ती आहे. आणि जगातल्या एका पिढीने बालपणीचे कित्येक तास त्यात घालवले आहेत. त्या पिढीचा इतिहास उद्या कोणी लिहू म्हणेल, तर त्याला हे खेळ पाहावे लागतील.

आता थोडा इतिहास सांगतो. घरच्या टेलिव्हिजनला जोडायचे पहिले खेळयंत्र 'ओडिसी' १९७२ साली अमेरिकेत विक्रीला आले. त्यामागची कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीच्या यंत्रात बदलता येणारी कार्ट्रिज आली. म्हणजे यंत्र एकच. खेळ बदलायचा असेल तेव्हा एक डबी काढून दुसरी बसवायची. या कामात जेरी लॉसन या अभियंत्याचा मोठा वाटा होता. १९७७ साली अटारी कंपनीचे यंत्र आले, आणि १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' काढले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा खेळ याच यंत्रावरचा. त्याची कल्पना शिगेरू मियामोतो यांची आणि संगीत कोजी कोंडो यांचे.

आपल्याकडे अस्सल फॅमिकॉम फारसे आले नाही; आल्या त्या त्याच्या नकला. १९९० नंतरच्या दशकात शहरांतून आणि तालुक्याच्या बाजारपेठांतून ही यंत्रे विकली जात. मुले कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत, आणि मीही आता तोच शब्द वापरतो. एका कॅसेटीवर शेकडो, हजारो खेळ असल्याचे छापलेले असे. लावून पाहावे तर तेच ते थोडे खेळ, नुसती नावे बदललेली! पुष्कळदा कर्त्याचे नावही पुसून टाकलेले असे. त्यामुळे आपल्या मुलांनी मारिओ वर्षानुवर्षे खेळला, पण तो कोणी केला हे त्यांना कळलेच नाही.

या कॅसेटीच्या पोटात असते तरी काय? एक लहानशी चिप. तीत ओळीने कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात ० ते २५५ पैकी एक आकडा असतो. मारिओच्या खेळात असे ४०,९६० आकडे आहेत. बस्स, एवढाच तो खेळ! त्यातच चित्रे, त्यातच गाणे, त्यातच सारे नियम. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते.

मग हे आकडे नाहीसे कसे होतात? कारखान्यातच आकडे ठसवून काढलेली चिप पुष्कळ वर्षे टिकते. परंतु खेळ बाजारात येण्यापूर्वी चाचणीसाठी ज्या चिपा भरतात, त्यांत आकडे विजेच्या भाराच्या रूपाने साठवलेले असतात. काही दशकांत तो भार हळूहळू ओसरतो. कित्येक कॅसेटींत एक छोटी बॅटरी असते. 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ अमेरिकेत १९८७ साली अशाच कॅसेटीतून आला. खेळणारा कोठवर पोचला याची नोंद त्या बॅटरीवर जिवंत राही. बॅटरी संपली की नोंदही गेली. यंत्रातले विजेचे लहान भाग, ज्यांना कपॅसिटर म्हणतात, ते म्हातारे झाले की पाझरतात आणि खालची तांब्याची वाट खाऊन टाकतात. फॅमिकॉमसाठी १९८६ साली जपानात चुंबकीय तबकड्या निघाल्या. दुकानात ५०० येन दिले की जुन्या खेळावर नवा खेळ उतरवून मिळे. मुलांची सोय झाली. पण नवा खेळ आला की जुना पुसला जाई.

तेव्हा पहिले काम म्हणजे आकडे उतरवून घेणे. कॅसेट एका लहान वाचनयंत्राला जोडतात. ते यंत्र पहिला कप्पा, दुसरा कप्पा असे क्रमाने वाचत जाते आणि प्रत्येक आकडा संगणकात लिहून ठेवते. पण वाचताना चूक झाली असेल तर? गुरुजी मंडळींना हे लगेच कळेल. गुणाकार केल्यावर आपण मुलांना ताळा पाहायला सांगतो ना, तसाच येथेही ताळा पाहतात. सगळ्या आकड्यांवर एक ठरावीक गणित करून लहानशी खूण काढतात. हजारो आकड्यांतला एक जरी बदलला तरी खूण बदलते. दोन देशांतल्या दोन माणसांनी आपापली कॅसेट वाचली आणि दोघांची खूण जुळली, म्हणजे ती नक्कल विश्वासाची.

आकडे हाती आले. पण आकडे म्हणजे खेळ नव्हे. रुमालात बांधलेले मोडी कागद घरात असले, तरी मोडी वाचणारा माणूस नसेल तर त्यांचा उपयोग काय? हे आकडे वाचणारे मूळ यंत्र तर मोडीत निघाले. येथे एम्युलेटर कामाला येतो. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणारी संगणकाची आज्ञावली. आपल्या गावात बहुरूपी येतो. आज तो फौजदार, उद्या डॉक्टर. तसा संगणक हा बहुरूपी, आणि एम्युलेटर हे त्याचे सोंग. कल्पना नवी नाही. १९६४ साली आयबीएम कंपनीने आपला नवा मोठा संगणक जाहीर केला, तेव्हा गिऱ्हाइकांची जुन्या संगणकावरची कामे वाया जाऊ नयेत म्हणून त्याच्या काही नमुन्यांत जुन्या यंत्राचे सोंग घेण्याची सोय केली होती.

हे सोंग कसे वठते ते शिक्षकांनी वर्गात करून दाखवावे. एका मुलाला सांगा, १ म्हणजे एक पाऊल पुढे, २ म्हणजे उजवीकडे वळणे, ३ म्हणजे टाळी. फळ्यावर १, १, २, ३ असे आकडे लिहा. तो मुलगा ते वाचून बरोबर तसे करील. आता दुसऱ्या मुलाला बोलवा. त्याला १ म्हणजे टाळी आणि २ म्हणजे खाली बसणे असे शिकवलेले आहे. त्याच फळ्यावर त्याचा सगळा गोंधळ होईल! मग त्याच्या हातात एक तक्ता द्या: 'पहिल्याचा १ म्हणजे एक पाऊल पुढे, पहिल्याचा २ म्हणजे उजवीकडे वळणे.' तक्ता पाहत पाहत तो पहिल्यासारखेच वागेल. वेळ थोडा जास्त लागेल, एवढेच. हा तक्ता म्हणजेच एम्युलेटरचा गाभा.

फॅमिकॉमच्या मेंदूला १६९ हा आकडा दिसला की तो पुढचा आकडा उचलून हिशेबाच्या कप्प्यात ठेवतो. ७६ दिसला की पुढे लिहिलेल्या जागी उडी मारतो. आजच्या संगणकाला याच आकड्यांचा अर्थ निराळा वाटतो. म्हणून तो प्रत्येक वेळी तक्ता पाहतो आणि जुन्या मेंदूने जे केले असते ते करतो. जुना मेंदू सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके टाकी. नवा त्याहून शेकडो पटींनी चपळ आहे, म्हणून तक्ता पाहूनही त्याला वेळ पुरतो.

मात्र बहुरूप्याचे आणि याचे एका बाबतीत जमत नाही. बहुरूप्याला बाहेरून दिसण्यापुरते सोंग पुरते. एम्युलेटरला आतूनही तसेच व्हावे लागते. मारिओच्या खेळात वरच्या बाजूला गुणांची पट्टी स्थिर असते आणि खालचा देखावा सरकत असतो. त्या यंत्राला पडद्याचा एक भाग थांबवून दुसरा सरकवण्याची सरळ सोय नव्हती. करणाऱ्याने युक्ती केली. पट्टीत एक नाणे काढलेले आहे. चित्र काढणारी चिप वरून खाली रेघा ओढत त्या नाण्याच्या तळाशी आली की एक इशारा मिळतो. तो मिळताच खेळ म्हणतो, "आता येथून खालचे सरकव." सेकंदाला साठ वेळा हे घडते. एम्युलेटरमध्ये तो इशारा आलाच नाही, तर खेळ त्याची वाट पाहत अडून बसेल. तेव्हा सोंग आणताना ठोक्याठोक्याचा हिशेब ठेवावा लागतो.

यासाठी काही मंडळींनी केवढे कष्ट घेतले आहेत! काही चिपांतल्या आज्ञा बाहेरून वाचताच येत नव्हत्या. तेव्हा चिपेचे कवच आम्लाने उतरवून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेऊन, आतले आकडे त्यांनी शोधून काढले. फॅमिकॉमचा मेंदू ज्या घराण्यातला, त्या १९७५ सालच्या '६५०२' या चिपेचे असेच फोटो घेतले गेले. तिच्यातल्या सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांचा नकाशा २०१० साली सर्वांसाठी खुला झाला. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली 'मेम' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. ती दुकानांतल्या नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी होती. यंत्र आत कसे चालत होते याची नोंद राहावी, हा तिच्या कर्त्यांचा मुख्य हेतू राहिला. खेळता येणे हा त्याचा ओघाने आलेला लाभ. यांतले बरेच काम हौशी माणसांनी रात्री जागून, पदरमोड करून केलेले आहे.

तरीही एम्युलेटरने सारे काही जपले जात नाही. 'डक हंट' हा १९८४ सालचा बदकांच्या शिकारीचा खेळ घ्या. त्याची बंदूक पडद्यावर काहीच सोडत नाही. उलट ती पडद्याकडे पाहते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीला दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या टेलिव्हिजनवर चित्र तत्काळ उमटे. हल्लीच्या सपाट पडद्यावर ते किंचित उशिरा येते, आणि तेवढ्यात बंदुकीची पाहण्याची वेळ टळून जाते. म्हणून खेळाबरोबर बंदूक, टेलिव्हिजन, माहितीपुस्तिका, खोके हेही ठेवावे लागते, किंवा निदान त्यांची पुरती नोंद तरी करावी लागते.

आता आपल्या जिव्हाळ्याची, म्हणजे रेडिओची गोष्ट ऐका. १९९५ साली जपानात 'सॅटेलाव्ह्यू' नावाची सेवा सुरू झाली. उपग्रहावरून ध्वनिक्षेपण करणारे एक रेडिओ केंद्र निन्टेन्डोच्या यंत्रासाठी खेळ पाठवी. घरचे यंत्र तो खेळ एका छोट्या डबीत साठवून ठेवी. काही खेळ ठरावीक वेळेलाच चालत, आणि खेळ चालू असताना निवेदकाचा व नटांचा आवाज आकाशातून येई. झेल्डाचा असा एक खेळ ऑगस्ट १९९५ मध्ये चार आठवडे क्रमशः प्रक्षेपित झाला. २००० साली ती सेवा बंद पडली. पुढे जुन्या डब्या शोधून त्यांतले आकडे उतरवले गेले. पण आवाज? तो डबीत साठतच नव्हता. तो हवेतून आला आणि हवेत गेला. जो काही मिळाला, तो त्या वेळी घरच्या टेपवर हौसेने मुद्रण करून ठेवणाऱ्या श्रोत्यांमुळे. कंपनी नव्हे, केंद्र नव्हे, तर घरी बसलेला श्रोता राखणदार ठरला. हे आपण ध्यानात ठेवावे.

मग अडचण काय राहिली? राहिली ती कायद्याची, आणि ती लहान नाही. खेळ ही कोणाची तरी मालमत्ता असते. निर्मात्यांचे म्हणणे असे की, नकला मोकाट सुटल्या तर आमचे पोट कसे भरावे? हे म्हणणे वावगे नाही. २०२४ साली 'युझू' नावाच्या एम्युलेटरच्या कर्त्यांना निन्टेन्डोशी तडजोड करून २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. ते एम्युलेटर त्या वेळी बाजारात चालू असलेल्या यंत्राचे होते. उलटपक्षी २००० साली अमेरिकेच्या एका वरिष्ठ न्यायालयाने सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, दुसऱ्याचे यंत्र अभ्यासून त्यासारखे वागणारी आज्ञावली तयार करणे हा गुन्हा ठरत नाही. स्वतः निन्टेन्डोनेही २००६ पासून आपले जुने खेळ नव्या यंत्रावर एम्युलेटरच्याच साहाय्याने विकले. म्हणजे विद्या वाईट नाही. तंटा आहे तो खेळाची नक्कल कोणी करावी आणि कोणाला द्यावी याचा.

परंतु मालकच खेळ विकत नसेल तर? अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नव्हते. शंभरातले तेरा तेवढे मिळत! त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची विक्रीची दालने बंद केली. ग्रंथालयांनी अमेरिकन सरकारकडे परवानगी मागितली की, आमच्याजवळचे जुने खेळ दूरच्या अभ्यासकांना त्यांच्या ठिकाणी पाहू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारण्यात आली. म्हणजे अभ्यासकाने प्रवास करून त्या इमारतीत जावे, तेव्हाच तो खेळ दिसणार. फ्रान्समध्ये याहून बरी रीत आहे. पुस्तकांप्रमाणे व्हिडिओ गेमची प्रतही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी, असा दंडक तेथे १९९२ च्या कायद्याने घातला आहे. अमेरिकेत रॉचेस्टर गावच्या खेळांच्या संग्रहालयानेही मोठा साठा केला आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक लहानशी वाट ठेवलेली आहे. ज्याच्याजवळ आज्ञावलीची प्रत रीतसर आहे, त्याने ती नाश पावू नये म्हणून स्वतःच्या वापरापुरती राखीव नक्कल करून ठेवावी, एवढी मुभा त्यात आहे. ती नक्कल लोकांना वाटण्याची किंवा विकण्याची मुभा मात्र नाही. हा भेद मुलांना जरूर समजावून सांगावा. जपणे निराळे आणि फुकट लुबाडणे निराळे. ज्यांना नुसते एम्युलेटर चालवून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी जुन्या यंत्रांकरिता आजही हौसेने नवे खेळ लिहून कर्ते ते स्वखुशीने मोफत देतात. वर्गात दाखवायला ते उत्तम.

शेवटी आपल्या हातून होण्यासारखे काय, ते सांगतो. पोटमाळ्यावर, पेटाऱ्यात असे एखादे यंत्र पडलेले असेल, तर ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी थोडे थांबा. त्यात सेल असतील तर काढून ठेवा, कारण पाझरलेला सेल सारे यंत्र खातो. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम विजेला जोडू नका. आधी जाणत्या कारागिराला दाखवा. कॅसेट लागली नाही की मुले तिच्यात फुंकर मारीत. ते करू नका. तोंडातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात. कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसावे आणि ओल नसेल अशा जागी ठेवावे. खोके, कागद, पावती फेकू नका. नकली कॅसेट आहे म्हणून तिची हेळसांड करू नका. परदेशी कंपन्यांच्या दप्तरात तिची नोंद नसणार. पण आपल्या गावातली मुले काय खेळत होती, याचा पुरावा तीच आहे. अशा कॅसेटींतले आकडेही उतरवून ठेवणारे संग्राहक आज आहेत.

आणि शिक्षकांनो, एक काम आपणच करू शकाल. जी मुले तेव्हा दहा-बारा वर्षांची होती, ती आज चाळिशीत आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवा. यंत्र कोणत्या बाजारातून आणले, किती पैसे पडले, एका टेलिव्हिजनपुढे आळीतली किती मुले बसत, खेळांना तुम्ही कोणती नावे ठेवली होती, वीज गेली की काय करीत, हे सारे विचारून वहीत उतरवून घ्यायला सांगा. वहीवर तारीख आणि गावाचे नाव घाला आणि ती शाळेच्या कपाटात ठेवा. चिपेतले आकडे शास्त्रज्ञ वाचतील, यंत्राचे सोंगही हुबेहूब वठवतील. पण आपल्या ओसरीवर तो खेळ कसा रंगला, हे कोणत्याही चिपेत लिहिलेले नाही. ते माणसांच्या आठवणीत आहे, आणि तेथून ते कागदावर आणायला सांगणारा कोणी तरी हवा आहे.